कडेवरचं नाव

आजोळच्या देवघरात दोन खंडोबा होते. एक नेहमीचा, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला, वरून कमानदार, घोड्यावर बसलेला, शेजारी म्हाळसा, पायाशी कुत्रा. दुसरा मात्र गरगरीत वाटोळा, जाड, तळहातावर ठेवला की वजन जाणवणारा. त्याच्यावरही घोडेस्वार होता, पण म्हाळसा नव्हती, आणि स्वाराच्या अंगावर कपडाही नव्हता. भंडाऱ्याचे थर इतके बसलेले, की कपडा नाही हे कळायला दसऱ्याला देव धुवायला काढेपर्यंत थांबावं लागे. घोड्याच्या टापांखाली काहीतरी चिरडलेलं दिसे. "मणी आन् मल्ल," आजी सांगायची. खंडोबाच्या घोड्याखाली दैत्य असायचेच, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

सात-आठ वर्षांची असताना दसऱ्याला ताम्हनातले देव चिंच लावून घासायचं काम माझ्याकडे आलं. वाटोळा खंडोबा उलटा केला, तर मागे एक दाढीवाला माणूस. नीट भांग पाडलेला, एका बाजूला बघणारा.

"आजी, हा कोण?"

"त्यो मागचा हाय. त्याच्याकडं बघायचं न्हाई."

पंचम जॉर्ज, हिंदुस्थानचा बादशहा, आमच्या देवघरात कितीतरी वर्षं तांदळात तोंड खुपसून पालथा पडला होता, हे मला पुढे पस्तिशीत कळलं. तेही पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, गंजक्या कुलपांच्या आणि ग्रामोफोनच्या भोंग्यांच्या गर्दीत. एका चादरीवर नाणी मांडलेली होती. त्यांच्या कडेला नारिंगी-निळ्या विटक्या फितीला आमचा वाटोळा खंडोबा लटकत होता. तोच उघडा स्वार, तोच घोडा. मी नकळत मोठ्याने म्हणाले, "अहो, हा आमच्या देवघरात आहे!"

विकणारे गृहस्थ हसले. त्यांना याची सवय असावी. पदक हातात घेऊन त्यांनी ते आडवं धरलं, उजेडाकडे. "ताई, तोंड काय बघता? कड बघा."

पदकाच्या जाडीवर, जिथे नाण्याला दाते असतात तिथे, बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती. आधी एक नंबर, मग सिपॉय, मग नाव, मग पलटण. "नाव असलं तर पदक," ते म्हणाले, "नाव गेलं की नुसती चांदी."

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने ही पदकं काढली. सुमारे ६५ लाख, बहुतेक सगळी चांदीची. मजूर पलटणींसाठी लाखभर कांस्याची काढली, त्यांत आपलीही माणसं होती. खंदक खणणाऱ्याला चांदी कशाला, असा हिशोब असणार. एका बाजूला राजा. दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज, टापांखाली शत्रूची गरुडाची ढाल आणि एक कवटी, डोक्यावर सूर्य. आजीचं काही फार चुकलं नव्हतं म्हणायचं. घोड्यावरचा संत आणि त्याने चिरडलेलं अमंगळ, गोष्ट तीच, फक्त जेजुरी वेगळी.

चांदीचं पदक साधारण अडीच-पावणेतीन तोळ्यांचं. त्याच्याबरोबर आणखी एक यायचं, पितळी रंगाचं, पंखवाल्या विजयदेवतेचं, इंद्रधनुष्यी फितीचं. लवकर आघाडीवर गेलेल्यांना वर एक कांस्याचा ताराही मिळायचा. विजयदेवतेच्या पाठीवर कोरलं होतं: संस्कृतीच्या रक्षणासाठी झालेलं महायुद्ध, १९१४ ते १९१९. महिना अकरा रुपयांवर मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, वाळवंटात गेलेल्या साताऱ्याच्या पोराला कोणाची संस्कृती वाचवायची होती, हे त्याला कोणी वाचून दाखवलं असेल असं वाटत नाही.

मेलेल्याच्या घरी आणखी एक वस्तू जायची. बशीएवढी कांस्याची तबकडी, व्यास १२ सेंटिमीटर, तिच्यावर ब्रिटनची प्रतीकदेवता ब्रिटानिया आणि सिंह. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास तबकड्या ओतल्या गेल्या. त्यांच्यावर मेलेल्याचं नाव असे, पण हुद्दा नसे. मरणात जनरल आणि शिपाई सारखे, अशी त्यामागची कल्पना. इंग्लंडातल्या लोकांनी तिला नाव ठेवलं 'मेलेल्याचा पैसा'. जगभरच्या गरिबांना सरकारी सांत्वनाची किंमत बरोबर कळते.

मी त्या रात्रीच मामाला फोन केला. तो म्हणाला, तो बसऱ्याला गेलेल्याचा बिल्ला आहे, तुला माहीत नव्हतं का? जसं काही हे मला दहावीच्या पुस्तकात होतं.

बसऱ्याला गेलेला म्हणजे माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. घरात त्याच्याबद्दल इतकंच बोललं जायचं: बसऱ्याला गेला, आला न्हाई. आजीच्या पिढीत बसरा हे गावाचं नाव राहिलं नव्हतं, ती एक दिशा झाली होती. कोणी फार दिवस दिसला नाही तर, "काय, बसऱ्याला गेल्ता का?" त्याच्या मागे त्याची बायको राहिली. तिला सगळे धाकटी आई म्हणत. तिने तालुक्याला जाऊन अंगठा उठवून पेन्शन आणली आणि एका दुष्काळी साली बिल्ले घेऊन सोनाराकडे गेली. पिवळी धातू मोडीत गेली. तबकडी आली होती की नाही कोणाला सांगता येत नाही, आली असेल तर तीही भांड्यांच्या मोडीत गेली असणार. चांदीचा बिल्ला मात्र सोनाराने तराजूत टाकला, उलटा केला आणि परत दिला. "वैनी, ह्यो देव हाय, मी मुशीत घालणार न्हाई." त्याने वरची कडी कापून कानशीने घासून दिली, म्हणजे ताम्हनात नीट बसेल. घासणावळही घेतली नाही म्हणे.

ही गोष्ट मला जरा जास्तच गोड वाटते. त्या साली चांदीला भाव नसेल, किंवा धाकट्या आईचंच मन झालं नसेल आणि तिने सोनाराचं नाव पुढे केलं असेल. पण घराघरांतली अशी पदकं कुठे गेली ते विचारायला नको. जोडवी झाली, वाळे झाले, करदोटे झाले. आत्याबाईंच्या पायातल्या पैंजणात एखादा अख्खा शिपाई वाजत असेल. त्याबद्दल कोणाला बोल लावावा असं मला वाटत नाही. पोरं उपाशी असताना राजाचं तोंड किती दिवस बघणार?

पुढच्या सुट्टीत मी भिंग घेऊन आजोळी गेले. मामीने देवाला हात लावू दिला, पण अट घातली: आंघोळ करून ये, आणि त्याचं नाव सापडलं तर ते इंटरनेटवर लावायचं नाही. "देवाचं नाव असल्या ठिकाणी टाकायचं न्हाई, पोरी." म्हणून ते नाव इथे नाही.

खिडकीशी बसून मी पदक फिरवत होते. सुरुवातीला सैनिक क्रमांक असायला हवा होता, तो कडीबरोबर कानशीखाली गेला होता. मग सिपॉय, ठळक. मग त्याचं नाव, मग आडनाव, एक अक्षर झिजलेलं. माझ्या आईचं माहेरचं आडनाव, इंग्रजांनी कानाने ऐकून लिहिलेलं, त्यात एक एच उगाचच घुसलेला. मग एक आकडा, एक. त्याच्यापुढे नुसती चकाकी. मग 'मराठाज'ची पहिली चार-पाच अक्षरं.

पुढचे आकडे कोणी खाल्ले ते मामाने ओशाळून सांगितलं. त्याच्या लग्नाच्या वेळी सगळे देव साताऱ्याला उजळायला दिले होते. सोनाराने मन लावून उजळले. शंभर वर्षांची चिंच, राख, दही आणि शेवटी ते पॉलिश. दुर्लक्षामुळे झिजलं असतं तर मला राग तरी आला असता. हे पूजेने झिजलं होतं.

आता गंमत अशी, की त्या वेळच्या मराठा पलटणी सहा: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. सगळ्यांचा पहिला आकडा एकच. म्हणजे उरलेल्या त्या एकावरून काहीही कळत नव्हतं. १०३, ११० आणि ११७ या पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या, एवढं मी वाचलेलं होतं, आणि मन लगेच तिकडे धावलं. तैग्रिस नदीच्या एका वळणावरचं ते गाव. जनरल टाउनशेंडचं सैन्य बगदादच्या वाटेवर मार खाऊन तिथे मागे आलं आणि ७ डिसेंबर १९१५ ला अडकलं. जवळपास पाच महिने. शेवटी शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. हिंदी शिपाई घोड्याचं मांस खायला तयार होईनात, तेव्हा हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या गेल्या. खंडोबाच्या भक्ताला घोडा खा म्हणणं काय असतं, हे त्या परवानग्या लिहिणाऱ्यांना कळलं असेल का कोण जाणे. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांना शरण गेली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, बगदाद, मोसुल, पुढे रेल्वेच्या कामावर. भुकेने, हगवणीने, उन्हाने हजारो वाटेत मेले. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. त्यांची गैरसोय झाली नाही.

आमचा माणूस कुतला होता की नव्हता, हे मला पदकावरून सांगता येत नाही. तो बसऱ्याच्या इस्पितळात पटकीनेही गेला असेल. पण बसऱ्यात त्याचं नाव असणार, हे मी धरून चालले होते. तिथे मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर-समाधी नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचं स्मारक आहे, १९२९ साली उघडलेलं. पुढे १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमावरून ते दगड न् दगड उचलून बत्तीस किलोमीटर लांब वाळवंटात नेऊन पुन्हा उभारलं. हेही एक आश्चर्यच. ज्याने आपल्याच माणसांची गय केली नाही, त्याने परक्या मेलेल्यांची भिंत जपून हलवली.

त्या भिंतीवर ब्रिटिश सोजिरांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. प्रत्येक पलटणीखाली अधिकाऱ्यांची नावं, आणि मग 'आणि इतर हिंदी सैनिक' म्हणून एक आकडा. शंभर, दोनशे, जो असेल तो. आमचा माणूस त्या आकड्यात एक आहे. त्या एकाला चेहरा नाही, एकक-दशकात त्याची जागा नक्की कुठली तेही नाही.

आणि नावं ठाऊक नव्हती असं नाही. नोंदवहीत होती, कागदावर होती. दगडावर घ्यायची नाहीत, असं ठरलं होतं. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, तिथे ४,७०० हून अधिक नावं कोरलेली आहेत, शिपायांचीसुद्धा. तिथे युरोपातले लोक बघायला येणार होते. बसऱ्याला कोण बघणार होतं? ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच चौकशी करून हे कबूल केलं: पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांची, त्यात मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन, बरोबरीने दखल घेतली गेली नव्हती. माफीही मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

मग मला गावातल्या चावडीवरची संगमरवरी पाटी आठवली. लहानपणी आम्ही तिच्यावर पाठ टेकून गारवा घ्यायचो. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स. सातारा भागात आणि कोकणात अशा पाट्या गावोगाव दिसतात. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर लोक आजही 'मिलिटरी' लावतात. त्या एका गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण परतले नाहीत. पाटीवर आकडा, बसऱ्याच्या भिंतीवर आकडा. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, पण मेले होते सत्तर हजारांच्या वर, आणि कोरलेली नावं मुख्यतः सरहद्दीवरच्या आणि अफगाण लढाईतल्यांची. म्हणजे आमच्या माणसाचं नाव धातूवर किंवा दगडावर म्हणून जगात कुठे असेल, तर ते या वाटोळ्या चांदीच्या कडेवर. आणि तेही आम्ही घासून आणलं होतं.

खरं तर नावाशिवाय मेलेल्याला जपायची आपली रीत जुनीच आहे. आमच्याच गावच्या मारुतीमागे तीन वीरगळ उभे आहेत, मानेपर्यंत मातीत. खालच्या चौकटीत लढाई आणि मेलेला आडवा, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून, आणि अगदी वर चंद्र-सूर्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावाला माहीत असायचं कोण ते, लिहायची गरज नव्हती. मग सांगणारे गेले आणि दगड राहिला. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घराघरांतले वीर मिरवत गोदावरीवर नेतात, आंघोळ घालतात. घरात कोणीतरी कधीतरी लढताना गेलेला असतो, त्याचा टाक होतो, आणि दोन-चार पिढ्यांत तो नुसता 'वीर' उरतो. आजीने बसऱ्याच्या बिल्ल्याला खंडोबा केलं, त्यात मला अडाणीपणा दिसत नाही. राजाने पाठवलेल्या वस्तूतलं आपल्या उपयोगाचं तेवढं तिने वर ठेवलं. पण वीर करताना नाव जातं, हे मात्र खरं.

उलट्या बाजूचीही एक गोष्ट आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. कितीतरी नावांच्या शेवटी 'नाक' आहे, त्यावरून महार शिपाई ओळखू येतात. म्हणजे बसऱ्याच्या शंभर वर्षं आधी कंपनी सरकारला शिपायांची नावं कोरता येत होती. पदक मात्र त्या लढाईचं निघालं ते १८५१ साली, तेहतीस वर्षांनी, आणि तेही हयात असलेल्यांनाच. जो मेला, त्याला कसलं पदक? व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, तेसुद्धा सुरुवातीची पन्नासेक वर्षं मेलेल्याला देत नसत. पराक्रम करायचा आणि वर जगायचंही, अशी दुहेरी अट.

ती अट उठली म्हणून माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगेंचं नाव आपल्याला माहीत आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतले नाईक, वय २२. १० जुलै १९४४, इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले, एकटे तेवढे राहिले. ते धावत सुटले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमी गन झाडून ती चालवणाऱ्यांपैकी एकाला गोळी घातली. मग मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्याच जागी दूरच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. मानपत्रात हे सगळं कोरड्या सरकारी इंग्रजीत आहे. मी ते वाचताना त्या नळीपाशी थांबते. सतत गोळीबार केलेली नळी तापलेली असते. ती उघड्या हाताने धरली होती.

त्यांचं नाव इटलीत कसिनोच्या स्मारकावर आहे, कारण ज्ञात कबर नाही. माणगावात पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाचं आणखी एक स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाचं. त्याच्यावर लॅटिनमध्ये वाक्य आहे, अर्थ असा: आपण सारे एकाच सूर्याखाली. वीरगळावर सूर्य, वाटोळ्या खंडोबाच्या डोक्यावर सूर्य, आणि हा तिसरा. सूर्याला साक्षीला ठेवायची खोड सगळीकडचीच दिसते.

स्वतंत्र भारताचं सर्वोच्च शौर्यपदक तर एका मराठी घरातच रेखाटलं गेलं. सावित्रीबाई खानोलकर जन्माने स्वित्झर्लंडच्या, विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इकडे आल्या आणि मग आपल्या पुराणांत इतक्या बुडाल्या की इथे जन्मलेल्यांना लाज वाटावी. परमवीर चक्र कांस्याचं, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं, जांभळ्या फितीचं. मधे राजमुद्रा आणि तिच्याभोवती चार वज्रं. वज्र इंद्राचं, पण ते घडलं दधीचि ऋषींच्या हाडांपासून. इंद्राने मागितली आणि ऋषींनी देह सोडून दिली. शौर्याच्या पदकावर एका मेलेल्या माणसाची हाडं आहेत. आजवर २१ परमवीर चक्रं दिली गेली, त्यातली १४ मरणोत्तर. पहिलं मेजर सोमनाथ शर्मांचं, ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला पडलेल्या. त्यांच्या भावाशी सावित्रीबाईंच्या मुलीचं लग्न झालेलं होतं. दिल्लीत २०१९ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय समर स्मारकात स्वातंत्र्यानंतर पडलेल्या प्रत्येकाचं नाव ग्रॅनाइटच्या विटेवर आहे, शिपायापासून वर. तिथे फिरताना मी उगाचच आमचं आडनाव शोधत होते. सापडलंही, पण तो आमचा नव्हे. आमचा तिथे बसतच नाही, तो भलत्याच सरकारच्या लढाईत मेला.

आता बसऱ्याच्या त्या नोंदवह्या कमिशनच्या संकेतस्थळावर आहेत. नाव, आडनाव, मराठाज, असं शोधलं. घुसलेल्या एचसकट आणि एचशिवाय. दोन माणसं निघाली. नाव तेच, आडनाव तेच, पलटणी वेगळ्या. एक १९१६ चा, एक १९१७ चा. एकापुढे सातारा जिल्हा आणि एका गावाचं नाव, पण ते इंग्रजीत असं काही मोडलेलं की आमचं गावही होऊ शकतं आणि पलीकडच्या खोऱ्यातली दोन गावंही. दुसऱ्यापुढे काहीच नाही. बापाचं नाव नाही, गाव नाही. नंबर दोघांचेही दिलेले आहेत, आणि आमचा नंबर कानशीने गेलेला.

मी ते कागद छापून मामीकडे घेऊन गेले. भाद्रपद चालू होता. आमच्या घरी बसऱ्याला गेलेल्याला सर्वपित्री अमावास्येला वाढतात, कारण तिथी माहीत नाही. शस्त्राने मेलेल्याचं आदल्या दिवशी, चतुर्दशीला करायचं असतं, पण शस्त्राने मेला की आणखी कशाने, तेही कुणाला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, तारीख मिळाली की निदान हे तरी मिटेल. मामीने चष्मा लावून दोन्ही कागद पाहिले. इंग्रजी तिला येत नाही, तरी पाहिले.

"ह्यातला आपला कंचा?"

"कळत नाही, मामी. ज्याच्यापुढे गाव लिहिलंय तो असेल बहुतेक."

"आन् ह्यो दुसरा? ह्याचं गाव?"

"लिहिलेलंच नाही."

"मंग ह्याला कोण वाढत आसंल?"

मला उत्तर नव्हतं. ती उठून चुलीकडे गेली. अमावास्येला सकाळी पाहिलं तर नेहमी एक पान पत्र्यावर जायचं, तिथे दोन होती. खीर, वडे, गवारीची भाजी, भोपळा, आमसुलाची चटणी. देवघरात तिने वाटोळा खंडोबा ताम्हनातून काढून तांदळाच्या छोट्या राशीत उभा रोवला होता, राजा भिंतीकडे, घोडा आमच्याकडे आणि कड वर.

"मामी, दुसरा कुठला कोण जाणे. कोकणातला असला तर?"

"आसूं दे की." ती पान पुन्हा खाली घेऊन त्याच्यावर आणखी एक डाव भात घालत म्हणाली, "कोकणातली भात लई खात्यात."